चार मायक्रॉन

फॉर्मॅलिनच्या डबीत रात्रभर मुरलेला
डाव्या गालाचा तुकडा, तुरीच्या डाळीएवढा.
डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर एकच नाव तीनदा:
नर्सनं कन्नडमध्ये, डॉक्टरांनी इंग्रजीत,
आणि कुणीतरी, बहुधा लेकानं, मराठीत, पेन्सिलीनं.
सावंत्राक्का खोत, निपाणी.

मेणात बसवतो, पात्याला लावतो.
चार मायक्रॉन. याहून पातळ काही
मी पाहिलेलं नाही, लग्नातला मांडासुद्धा नाही.
कापांची फीत कोमट पाण्यावर तरंगते,
काचेवर अलगद उचलायची;
आधी जांभळा रंग, मग गुलाबी.

आमचे बाबा वडगावला मागावर बसायचे.
शाळेच्या पुस्तकात 'ऊती' शब्द पहिल्यांदा वाचला
तेव्हा घरी येऊन विचारलं होतं,
हे आपल्यातलंच काय ओ?
धोटा न थांबवता म्हणाले,
इणलेलं सगळं आपल्यातलंच.

निरोगी गाल असा असतो:
तळाशी एक दाट ओळ, गोलसर, खांद्याला खांदा लावून.
वर सरकताना प्रत्येक पेशी थोडी चपटी होते,
थोडी म्हातारी,
आणि शेवटी घासाबरोबर निघून जाते
कुणाला न कळता.
कधी जायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

या काचेवर ते जाणं थांबलंय.
तळातल्या पोरी थेट छपराला टेकल्यात,
केंद्रकं फुगलेली, काळवंडलेली,
एकीचं तोंड एकीकडं नाही.
एक तर दुभंगतानाच सापडली,
वरच्या मजल्यावर, जिथं तिनं
केव्हाच म्हातारं व्हायला हवं होतं.
बाबा असते तर म्हणाले असते, फणी सुटलीय.

डॉक्टर हिरेमठ भिंगावर वाकतात.
'बेसमेंट मेंब्रेन इंटॅक्ट', टाइप करणाऱ्या मुलीला सांगतात,
मग माझ्याकडं वळून, त्यांच्या मराठीत:
'रेष अजून वलांडली नाय.'

या जिल्ह्यात असलं वाक्य कुणी सरळ ऐकत नाही.
मीही ऐकलं नाही. मग वाटलं, नको;
रेषांच्या उपमा इथं पानपट्टीवरही मिळतात.
आणि या पेशी कुठून आलेल्या नाहीत.
तिच्याच त्या, तिच्याच रक्तावर पोसलेल्या.
चाळीस वर्षं ती वखारीत तंबाखू चाळत होती,
चाळणीखालची भुकटी दिवसभर नाकातोंडात,
रोज पहाटे मिश्रीनं भाजायचा गाल
आणि रोज रात्री त्याच बसायच्या भरून काढायला.
इतक्यांदा डागडुजी केली
की थांबायचं कसं, तेवढंच विसरल्या.

चारला ती स्वतःच आली. लेकाला रजा नव्हती.
लिफाफा उलटा केला, सुलटा केला.
'काय लिवलंय बाळा?'
सांगायचा अधिकार मला नाही.
डॉक्टर सांगतील, म्हटलं, सोमवारी या.
'सोमवारी कसं जमंल? कामाला जातो न्हवं मी.'
मग माझ्या बोटांकडं बघत राहिली.
'जांभळं कशानं झालंय?'
रंग आहे.
'कशाचा?'

बाहेर निपाणीची गाडी गेल्याचा आवाज,
कदाचित दुसऱ्या कुठल्या गावाचीही असेल.
तिनं कनवटीची पत्र्याची डबी काढली,
काउंटरवर ठेवली, झाकण एकदा चाचपलं.
'ऱ्हाऊ दे हितं. परत आलो की दे.'
टाकून दे म्हणाली नाही.

डबी ड्रॉवरमध्ये आहे, मेणाच्या ठोकळ्यांशेजारी.
ड्रॉवर उघडला की भाजल्या तंबाखूचा वास
थेट नाकात चढतो.
मी श्वास धरून उभा राहतो.
फीत पाण्यावर असताना
शिंकायचं नसतं.